ला पाझ: दोघांनी, वरून खाली

ला पाझमध्ये चालायचं ते उताराला. चढ आला की केबल कार. एवढं ध्यानात ठेवलं तर बोलिव्हियातलं हे शहर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही धडधाकट माणसाला झेपतं. नाही ठेवलं तर पहिल्याच दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात धापा टाकत बसायची पाळी येते, मग तुम्ही दर रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढणारे का असेनात.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. बरोबरचा दोस्त मूळचा निपाणीचा. बेळगावच्या मार्केट यार्डात त्याची बटाट्याची अडत आहे, म्हणून त्याला सगळे अडत्याच म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस-मच्छी बंद. आम्ही दोघं पाठीवर पिशव्या टाकून दक्षिण अमेरिकेत फिरलो आणि सगळ्यात जास्त रमलो ते ला पाझमध्ये. परत आल्यापासून गल्लीत जो तो विचारतोय, कसं जायचं, काय खायचं, भीती नाही का. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. तिकीट नंतर काढा, पण लशीची चौकशी आज करा. प्रवासाच्या निदान १० दिवस आधी ती टोचून घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं असतं. ते कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आपल्या भागाला गोवा जवळ. वास्कोला मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ही लस देतात. रोज देत असतील असं धरून चालू नका. फोन करून दिवस विचारा आणि मगच चोर्ल्याचा घाट उतरा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते दिल्लीच्या बोलिव्हियाच्या दूतावासाकडूनच विचारून घ्या, एजंटाच्या तोंडचं प्रमाण मानू नका. डॉलर न्यायचे ते कोऱ्या करकरीत नोटांचे. कोपरा फाटलेली, शिक्का उमटलेली नोट तिथे कुणी हातात धरत नाही.

कधी जायचं? आपल्याकडे पाऊस झोडपत असतो तेव्हा. मे ते ऑक्टोबर तिथे कोरडे दिवस, आभाळ निळंशार आणि शहराच्या मागे ६,४३८ मीटरचा बर्फाचा इयिमानी डोंगर उघडा दिसतो. मात्र जून-जुलैत तिथे हिवाळा असतो. दुपारी उन्हाने कातडी भाजते आणि रात्री पाणी गोठतं. कानटोपी आणि उन्हाचं क्रीम एकाच खिशात ठेवावं लागतं.

आता उंचीचं बघू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. ला पाझचा मध्यभाग साधारण ३,६४० मीटरवर. विमानतळ त्याच्याही वर, पठारावरच्या एल आल्तो शहरात, ४,०६१ मीटरला. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी तिथवर पोचत नाही. समुद्रकाठाच्या मानाने हवेचा दाब दोन तृतीयांशाच्याही आत येतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा वाफाळता दिसतो पण आपल्याइतका गरम नसतो, आणि कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही.

म्हणून थेट विमानाने एल आल्तोला उतरण्यापेक्षा पायऱ्या-पायऱ्यांनी चढा. सांता क्रूझ हे सखल भागातलं मोठं शहर ४०० मीटरच्या आसपास आहे. तिथे उतरायचं, थोडं फिरायचं, मग बसने कोचाबांबा. ते साधारण २,५५० मीटरवर. तिथे मुक्काम करायचा आणि मग ला पाझ. वाटेत रस्ते अडवून आंदोलन चाललेलं असण्याची शक्यता बोलिव्हियात कायम असते. बस स्टँडवर सकाळी विचारून घ्यायचं. बंद आणि रास्ता रोको यांच्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटायचं कारण नाही. पुढच्या विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवले म्हणजे झालं.

पोचल्यावर पहिला दिवस काही बघायचं नाही. झोप, पाणी, सूप, कोकाच्या पानांचा चहा. दारू नाही, सिगारेट नाही, पोट तट्ट भरेपर्यंत जेवण नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या घ्यायच्या का ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारा, तिथल्या हॉस्टेलवाल्याला नको. दोघं असण्याचा खरा उपयोग इथे होतो. डोकेदुखी आणि मळमळ बहुतेकांना होते, पण चालताना झोक जायला लागला, बसल्या जागी दम लागला, ओला खोकला सुरू झाला, तर ते ज्याला होतं त्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं. मग वाद न घालता डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. आमच्यात ठरलेलं होतं: ज्याचं डोकं दुखतंय त्याचं ऐकायचं. दुसऱ्याने कुरकुर करायची नाही.

शहरातल्या शहरातही एक खालचा भाग आहे, तो दक्षिणेकडे. ला पाझ एका मोठ्या खोलगट दरीत वसलंय. दरीच्या काठावर, थंडी-वाऱ्यात, गरीब वस्ती. तळाकडे ऊब, झाडं आणि बंगले. बहुतेक शहरांत श्रीमंत टेकडीवर राहतो, इथे तो खाली राहतो. कालाकोतोचा भाग मध्यवस्तीपेक्षा तीनेकशे मीटर खाली आहे, महाग आहे, पण पहिल्या एक-दोन रात्री तिथे झोप चांगली लागते. नंतर ‘सोपोकाची’ नावाच्या भागात किंवा सान फ्रान्सिस्को चर्चच्या आसपास स्वस्तातली खोली बघा.

आता माझ्या आवडीचा भाग. अडत्या म्हणतो मी यावर फार बोलतो. बोलणार.

ला पाझमध्ये मेट्रो नाही, केबल कार आहे. तिचं नाव ‘मी तेलेफेरिको’. पहिली लाल लाइन २०१४ मध्ये सुरू झाली आणि आता रंगांच्या नावांनी १० लाइनी आहेत. यंत्रणा ऑस्ट्रियाच्या डोपेलमायर कंपनीची. ती पर्यटकांसाठी नाही. शाळेची पोरं, भाजीची गाठोडी, ऑफिसची माणसं सगळी तिच्यातूनच जातात. एका डब्यात १० माणसं, दर १२ सेकंदांना एक डबा. मनातल्या मनात गुणाकार करा: एका दिशेला तासाला ३,००० माणसं. आणि खाली वाहतूक तुंबलेली असताना डोक्यावरून हे सगळं जवळजवळ बिनआवाजी चाललेलं असतं.

स्टेशनात नुसतं चढून बसू नका. बाजूला उभं राहून वर बघा. मुख्य दोर कधीच थांबत नाही, तो एकाच वेगाने फिरत राहतो. डबा स्टेशनात शिरला की त्याची दोर धरणारी पकड उघडते, डबा दोरापासून सुटतो आणि रबरी चाकांच्या रांगेवरून सावकाश सरकायला लागतो. तेवढ्यात आजी चढते, पोतं चढतं, पोर चढतं. मग पुढची चाकं डब्याला वेग देतात आणि डबा दोराच्या वेगाला आला की पकड पुन्हा ‘खट्’ करून मिटते. वेग जुळल्याशिवाय पकड मिटवायची नाही, सगळी गंमत त्यात आहे. गिअर घालणाऱ्या कुठल्याही माणसाला हे बघून बरं वाटेल. मी नारिंगी लाइनच्या स्टेशनात हे बघत इतका वेळ उभा राहिलो की पहारेकऱ्याने येऊन विचारलं, काही हरवलंय का.

तिकीट आम्ही गेलो तेव्हा ३ बोलिव्हियानोंचं होतं आणि लाइन बदलली तर पुढच्या लाइनीचे २. रिचार्ज करायचं कार्ड मिळतं, दोघांत एक घेतलं तरी भागतं. पहिली फेरी लाल लाइनीची करा. ती जुन्या रेल्वे स्टेशनापासून निघते, कब्रस्तानावरून जाते आणि साधारण १० मिनिटांत एल आल्तोला पोचवते. स्टेशनांची नावं स्पॅनिशबरोबर आयमारा भाषेतही लिहिलेली आहेत. वरच्या स्टेशनाचं आयमारा नाव जाच्या काथू. बोर्डावर दोन भाषा बघून अडत्या म्हणाला, “हितं कोण काळं फासत नाही वाटतं.” मी म्हटलं, गप बस की.

एल आल्तोला जायचं ते गुरुवारी किंवा रविवारी, कारण त्याच दिवशी ‘सोळा जुलै’ नावाचा बाजार भरतो. रस्त्यांमागून रस्ते, नजर पोचेल तिथवर. जुने कपडे, बिऱ्हाडाचं सामान, गिनीपिग, गाडीचे दरवाजे, अख्खी इंजिनं, गिअरबॉक्स, बेअरिंगांचे ढीग. मी दोन तास बेअरिंगांतच होतो. इथे मोबाईल हातात घेऊन चालायचं नाही, पिशवी पुढे छातीवर घ्यायची आणि पाकीट हॉस्टेलवर ठेवून लागतील तेवढेच पैसे न्यायचे. अंगावर काहीतरी सांडायचं आणि पुसायच्या निमित्ताने खिसा कापायचा, ही जुनी युक्ती तिथे चालते. अंगावर काही सांडलं तर पुसायला थांबू नका, दोघं मिळून चालत सुटा आणि एखाद्या दुकानात शिरा.

दुपारी केबल कारने खाली या. चंदेरी लाइन पठाराच्या काठाकाठाने, ४,००० मीटरच्या वरून जाते. तिथून पिवळी धरली की दरीत उतरताना इयिमानी समोर येतो. पिवळीनंतर हिरवी लाइन थेट दक्षिण भागात, बंगल्यांच्या वरून जाते. एका दुपारी गरिबीपासून श्रीमंतीपर्यंत सगळं शहर पायाखालून सरकतं. लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, कुत्री, एका घरात टीव्ही चालू. फोटो काढायचा मोह आवरा, ती घरं आहेत.

पायी फिरण्यासाठी कियी कियी या टेकडीवरच्या बघण्याच्या जागेपर्यंत टॅक्सी करा आणि तिथून चालत उतरा. खाएन नावाची जुनी दगडी गल्ली लागते, तिथे लहान लहान संग्रहालयं आहेत, बरी आहेत. पुढे मुरियो चौक. चौकातल्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ बघा: २०१४ पासून त्याचे काटे उलटे फिरतात. दक्षिण गोलार्धात सावली-घड्याळाची सावली उलटी फिरते, तर आमचं घड्याळ तसं का नको, असा तिथल्या सरकारचा युक्तिवाद. मला तो पटला. चौकातल्या कबुतरांवर मात्र वेळ घालवू नका.

तिथून उतरत सान फ्रान्सिस्को चर्च. वाटेत झेब्र्याचा पोशाख घातलेली पोरं रस्ता ओलांडून देताना दिसतील. २००१ पासून शहराने वाहतुकीची शिस्त लावायला हे सुरू केलंय. चर्चच्या मागे सागार्नागा आणि लिनारेस रस्त्यांवर चेटकिणींचा बाजार. नवं घर बांधताना पायात पुरण्यासाठी लामा या प्राण्याची वाळवलेली अर्भकं तिथे टांगलेली असतात, धरणीमातेला, म्हणजे पाचामामाला द्यायची. अडत्याने एकदा बघितलं, हात जोडले आणि पुढे निघाला. ज्यांना असलं बघवत नाही त्यांनी ती गल्ली गाळावी, काही अडत नाही.

रोद्रिगेस बाजार मात्र गाळू नका. शनिवार-रविवारी सकाळी तो भरात असतो. इथे पुढाकार माझ्याकडून अडत्याकडे गेला. फिरतानाचा आमचा नेमच तो: ज्याला ज्यातलं कळतं तिथे त्याने पुढे व्हायचं, दुसऱ्याने गुमान मागे चालायचं.

बटाट्याचं मूळ घर टिटिकाका सरोवराच्या भोवतालचा हा मुलूख. सात-आठ हजार वर्षांपूर्वी इथे तो माणसाने लावायला सुरुवात केली. त्यामुळे बाजारात बटाटा म्हणजे एक पोतं, एक भाव असा प्रकार नाही. जमिनीवर रंगीत पट्ट्यांचं कापड अंथरलेलं, मागे गोल टोपी आणि घेरदार परकर घातलेली बाई बसलेली, आणि पुढे वाटे: जांभळे, लाल, पिवळे, काळपट, बोटाएवढे लांब, गाठीगाठीचे. अडत्या उकिडवा बसला. यार्डात करतो तसं एक उचलून अंगठ्याच्या नखाने साल दाबली, वास घेतला, दुसरा उचलला. बाई बघत होती. मग तिने बाजूच्या पोत्यातून काहीतरी काळं, सुरकुतलेलं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने हात वर-खाली करून वजन अजमावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मर्दा, ह्यो बटाटा हाय का बूच?”

तो चुन्यो होता. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्रभर उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात. परत गोठवायचं, परत तुडवायचं, मग वाळवायचं. असा बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. अडत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोल्ड स्टोरेजच्या भाड्याचा हिशेब त्याच्या डोक्यात चाललेला मला स्पष्ट दिसत होता. वाहत्या पाण्यात भिजवून पांढरा केलेला प्रकारही मिळतो, तो तुंता. खायला दोन्ही भिजवून, शिजवून. खरं सांगायचं तर चुन्योला मातकट वास येतो आणि मला तो आवडला नाही. अडत्या रोज खायचा.

बाजारात घासाघीस थोडी, हसून. खरेदी झाली की ‘यापा’ मागा, म्हणजे वरचं. आपली भाजीवाली जशी कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते, तसा एक मूठ माल वर पडतो. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, त्यांना राग येतो आणि तो रास्त आहे.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात असं ऐकलं होतं. तसे होतात, पण उपाय आहेत. प्लातो पासेन्यो मागा: उकडलेलं मक्याचं कणीस, बटाटा, हिरव्या वालासारखा मोठा दाणा आणि तळलेलं चीज. मांस नसलेलंच मागतोय हे दोनदा सांगा, ‘सिन कार्ने, सिन पोयो’, कारण नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. शेंगदाण्याचं सूप, सोपा दे मानी, झकास लागतं, पण त्यात बहुधा मांसाचं पाणी असतं, विचारून घ्या. सकाळी आपी प्या: जांभळ्या मक्याचं दाट, गरम पेय, दालचिनी-लवंग घातलेलं, आणि बरोबर चीज भरलेली फुगलेली तळणी. टेबलावर याख्वा नावाची टोमॅटो आणि लोकोतो मिरचीची वाटलेली चटणी असतेच. लोकोतोला हसण्यावारी नेऊ नका. मांस खाणाऱ्यांनी साल्तेन्या, म्हणजे मांस भरलेल्या करंज्या, सकाळीच गाठाव्यात, दुपारी त्या संपलेल्या असतात. आत पातळ रस असतो, म्हणून उभी धरून वरच्या टोकाला चावा घेऊन आधी रस प्यायचा.

एकादशी तिथे आली तेव्हा मला वाटलं आता अडत्या उपाशी. तो निवांत होता. बटाटा, शेंगदाणा, रताळं, मिरची, आपल्या उपासाच्या ताटातलं हे सगळं याच खंडातून आलेलं. त्याच्या निपाणीची तंबाखूसुद्धा.

ये-जा करायला केबल कार नसेल तिथे मिनीबस आहेत. काचेवर ठिकाणांच्या पाट्या, दारातून कुणीतरी ओरडत असतो. उतरायचं झालं की मोठ्याने ‘एन ला एस्किना, पोर फावोर’ म्हणायचं. रात्री मात्र रस्त्यावरची कुठलीही टॅक्सी थांबवू नका. छतावर नाव-नंबर असलेली रेडिओ टॅक्सी हॉस्टेल किंवा खाणावळीतून फोन करून मागवा. साध्या कपड्यातला कुणी पोलीस म्हणवून पासपोर्ट मागू लागला, गाडीत बसा म्हणाला, तर बसायचं नाही. जवळच्या चौकीवर चालत जाऊ म्हणायचं. पासपोर्टची झेरॉक्स एकमेकांच्या पिशवीत ठेवा.

स्पॅनिशचे आकडे शंभरपर्यंत पाठ करूनच जा. इंग्रजीचा उपयोग फार थोडा. आपल्याकडे दुकानात मराठीत भाव विचारून कन्नडमध्ये सुटे मागायची सवय असते, त्यामुळे चुकत-माकत बोलायची लाज नसते. तेवढं भांडवल पुरतं.

दोघांच्या पैशांचं असं करा: एक सामायिक पाकीट. दोघांनी सारखी रक्कम टाकायची. खोली, जेवण, प्रवास त्यातून. रिकामं झालं की पुन्हा दोघांनी भरायचं. कुणी किती भात खाल्ला हे बघायचं नाही. लोकरीच्या टोप्या, भेटवस्तू, माझी बेअरिंगं ज्याच्या त्याच्या खिशातून. आणि एखादी अर्धी दुपार वेगवेगळे फिरा. सतत एकत्र राहून ला पाझच्या विरळ हवेत भांडणं फार लवकर पेटतात. भेटायची जागा सान फ्रान्सिस्कोच्या पायऱ्या, वेळ ठरलेली, अर्ध्या तासात दुसरा आला नाही तर हॉस्टेल.

निघायच्या आदल्या रात्री पिशव्यांचे सगळे कप्पे उलटे करून झाडा. कोकाची पानं तिथे चहात, तोंडात, पोत्यांत, सगळीकडे असतात आणि कायदेशीर आहेत; आपल्याकडे ती एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, वाटेतल्या बहुतेक विमानतळांवरही गुन्हा. चहाची एक पुडीसुद्धा नको. अडत्याच्या स्वेटरच्या खिशात चुन्योचे चार दाणे निघाले, तेही तिथेच काढून ठेवायला लावले, कारण बियाणं आणि शेतमाल विमानतळावर अडवतात. मी बेअरिंगांची पावती मात्र जपून ठेवली, आणि तपासणीत ती दाखवावी लागली.